लेकरू प्रोबेशनवर नसतं

आजचे वाचन: १ योहान ५:९-१३
सोबत वाचा: लूक १५:११-२४, योहान १३:५-१०



वृद्ध प्रेषित योहान आपलं पहिलं पत्र संपवत आणतो आणि मग सांगतो की हे सगळं मी का लिहिलं. देवाच्या पुत्रावर विश्वास ठेवणाऱ्यांना, त्यांच्याजवळ सार्वकालिक जीवन आहे हे ठाऊक असावं, यासाठी.

आज या एकाच गोष्टीवर मनन करू या. योहान "वाटावं" म्हणत नाही, "आशा धरावी" असंही म्हणत नाही. ठाऊक असावं, असं म्हणतो. आणि जीवन "मिळेल" असं नाही, "आहे" असं म्हणतो. वर्तमानकाळ.

पण नव्याने विश्वासात आलेल्या कुणालाही विचारून बघा, "तुमचं तारण झालंय का?" उत्तरं साधारण अशी येतात: "प्रयत्न चालू आहेत." "देवाची मर्जी असेल तर होईल." "ते आताच कसं सांगणार? मेल्यावरच कळेल." ऐकायला ही उत्तरं नम्र वाटतात. बारावीचा पेपर देऊन आलेला मुलगा असंच बोलतो ना? पेपर बरा गेलाय, पण निकाल लागल्याशिवाय काय सांगायचं!

प्रभू येशू मात्र योहान ५:२४ मध्ये वेगळंच सांगतो. जो त्याचं ऐकतो आणि त्याला पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवतो, तो न्यायाच्या दारात उभा नाही. तो मरणातून निघून जीवनात पोहोचलेला आहे. म्हणजे निकाल लागून गेला आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट ही की तो पेपर आपण दिलाच नव्हता. आपल्या जागी तो प्रभूने वधस्तंभावर दिला. म्हणूनच "माझं तारण झालं आहे" असं म्हणणं हा गर्व नाही. पेपर माझा असता तर तो गर्व ठरला असता.

हा प्रश्न लहान नाही

आठ महिन्यांपूर्वी प्रभूकडे आलेल्या एका तरुण भावाने मला विचारलं, "दादा, रविवारी उपासनेत असतो तेव्हा वाटतं, आपण देवाचे आहोत. मंगळवारी आईवर ओरडलो. ती एवढंच म्हणाली, 'हेच शिकवतात का तुमच्या चर्चमध्ये?' रात्री वाटलं, सगळं गेलं. मी ती तारणाची प्रार्थना परत करू का? आत्तापर्यंत चार-पाच वेळा केलीय."

त्याची आई विश्वासात नाही. घरात तो एकटाच आहे. अशा माणसासाठी हा प्रश्न पुस्तकातला नसतो. दिवाळीला नातेवाईक जमले की कुणीतरी विचारतंच, "काय मिळालं रे तुला तिकडे जाऊन?" त्या वेळी त्याच्या स्वतःच्याच पायाखालची जमीन हलत असेल, तर तो उभा कसा राहणार?

दुसरंही एक नुकसान आहे. ज्याला खात्री नाही तो देवापासून लपतो. एदेन बागेत आदामाने पहिलं काम हेच केलं, झाडांच्या आड जाऊन बसला. आपणही पाप झालं की तेच करतो. बायबल उघडत नाही, मंडळीत जात नाही, पाळकांचा फोन घेत नाही. "थोडा सुधारतो, मग येतो." पण पाप धुणारा एकच आहे, आणि आपण नेमके त्याच्यापासूनच लांब पळतो!

योहानाच्या वाचकांचीही अवस्था काही वेगळी नव्हती. त्यांच्यातले काही जण मंडळी सोडून निघून गेले होते (२:१९). येशू हाच ख्रिस्त आहे हे नाकारणारे लोक आजूबाजूला होते (२:२२). मागे राहिलेल्यांच्या मनात शंका आली असेल: बरोबर कोण? आपण नक्की आत आहोत का? अशा हादरलेल्या लोकांना योहान वारंवार एकच हाक मारतो: "मुलांनो." हे लक्षात ठेवा, कारण सगळं उत्तर या हाकेत आहे.

प्रोबेशन की घर?

मी सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. आमच्याकडे नवीन माणूस रुजू झाला की तो आधी काही महिने प्रोबेशनवर असतो. काम बघतात, वागणूक बघतात, मग कन्फर्मेशनचं पत्र मिळतं. तोपर्यंत माणूस जपून राहतो. चूक झाली तर आधी झाकायला बघतो. मॅनेजरने "दोन मिनिटं बोलायचंय" असं म्हटलं तरी पोटात गोळा येतो. नोकरीत हे ठीक आहे, कंपनीला तिचं काम करून हवं असतं.

पण बरेच नवे विश्वासी देवाच्या घरातही असेच राहतात. त्यांना वाटतं, देवाने तूर्तास ठेवून घेतलंय. सहा महिने नीट वागलो, रोज बायबल वाचलं, राग सोडला, तर कन्फर्म करेल. नाहीतर काढून टाकेल.

लूक १५ मधला धाकटा मुलगा घरी परत निघाला तेव्हा त्याच्याही डोक्यात हाच विचार होता. वाटेत त्याने बोलणं पाठ केलं होतं, आणि त्यात शेवटची विनंती अशी होती की मला तुमच्या मोलकऱ्यांसारखं ठेवा. म्हणजे नोकरी द्या. राबतो, पगार घेतो, आणि जमलं तर हळूहळू झालेलं नुकसान फेडतो.

आता २१ आणि २२ वं वचन नीट वाचा. मुलगा आपलं पाप कबूल करतो, पुत्र म्हणवून घ्यायला मी लायक नाही असंही म्हणतो, पण नोकरीचा अर्ज त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही. त्याआधीच बापाने चाकरांना हुकूम सोडलेला असतो: झगा आणा, अंगठी आणा, जोडे आणा. पापाची कबुली बाप ऐकून घेतो. मोलकरी व्हायची विनंती मात्र करूच देत नाही. त्या घरात त्याच्यासाठी फक्त एकच जागा होती, मुलाची.

पौल रोम ८:१५ मध्ये हेच सांगतो. आपल्याला मिळालेला आत्मा पुन्हा भीतीत ढकलणारा, गुलामगिरीचा नाही. तो दत्तकपणाचा आत्मा आहे, त्याच्यामुळे आपण देवाला अब्बा म्हणून हाक मारतो. दत्तक घेताना मूल अर्ज करत नाही, मुलाखत देत नाही. निर्णय आईवडिलांचा असतो, सही त्यांची असते. आणि सही झाली की मूल त्या घराचं होतं. पहिल्या दिवशी जेवढं, तेवढंच दहाव्या वर्षी.

मग बाप रागवत नाही का? रागवतो. इब्री १२ सांगतं की ज्याच्यावर प्रभूची प्रीती आहे त्याला तो शिस्त लावतो. पण शिस्त लावणं वेगळं आणि घराबाहेर काढणं वेगळं. उलट, शिस्त लावली जाते हीच आपण घरचे असल्याची खूण आहे. शेजाऱ्याच्या मुलाला आपण अभ्यासाला बसवत नाही.

खात्री कशावर उभी आहे?

आजच्या वाचनात योहान साक्षीबद्दल बोलतो. माणसांनी दिलेली साक्ष आपण मान्य करतो, मग देवाची साक्ष तर तिच्याहून मोठी आहे (५:९). ही साक्ष काय आहे? देवाने सार्वकालिक जीवन दिलं आहे, आणि ते जीवन त्याच्या पुत्रामध्ये आहे. ज्याच्याजवळ पुत्र आहे त्याच्याजवळ जीवन आहे. बस, एवढंच.

बघा, या साक्षीत माझ्या भावनांचा उल्लेख कुठेच नाही. आज मला कसं वाटतंय, गाणी म्हणताना डोळ्यांत पाणी आलं का, प्रार्थनेत मन लागलं का, यांपैकी काहीही नाही. भावना देवाने दिल्या आहेत, त्या वाईट नाहीत. पण रात्रपाळी झाली, ताप आला, घरात भांडण झालं की त्या बदलतात. ताप आला म्हणून आपण आपल्या आईवडिलांचे राहत नाही का?

"पण दादा, माझा विश्वासच कमी आहे." हेही खूप जण म्हणतात. मार्क ९ मधला तो बाप आठवा. मुलाला घेऊन प्रभूकडे आला, आणि एकाच दमात विश्वासही बोलून दाखवला आणि अविश्वासासाठी मदतही मागितली. प्रभूने त्याला "आधी विश्वास वाढव, मग ये" असं सांगून परत पाठवलं नाही. त्याचा मुलगा बरा झाला. आपल्याला आपला विश्वास वाचवत नाही, ज्याच्यावर विश्वास ठेवला आहे तो प्रभू वाचवतो. विश्वास हा फक्त रिकामा हात आहे. हात थरथरत असला तरी त्यात ठेवलेलं दान तेच असतं.

आणि पकड तरी कुणाची? योहान १० मध्ये प्रभू म्हणतो की माझ्या मेंढरांना माझ्या हातातून कोणी ओढून घेणार नाही, आणि लगेच पुढे, पित्याच्या हातातूनही कोणी ओढून घेऊ शकत नाही. दोन हात आहेत. त्यांतला एकही माझा नाही!

आपल्या मराठी बायबलमध्ये इफिस १:१४ मध्ये एक सुंदर शब्द आहे: विसार. घर किंवा जमीन घेणाऱ्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. व्यवहार ठरला की घेणारा काही रक्कम आधी देतो, विसार पावती होते. अर्थ असा की मी मागे फिरणार नाही, उरलेली रक्कम देऊन ही मालमत्ता ताब्यात घेणार आहे. पौल म्हणतो, पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार आहे. इथे विसार देणारा देव आहे. माणसं कधी कधी विसार देऊनही व्यवहार मोडतात. देव स्वतःचा आत्मा देऊन मागे फिरेल का?

पंडिता रमाबाईंची आठ वर्षं

हा प्रश्न फक्त कमी शिकलेल्यांना किंवा कमकुवत लोकांना पडतो असं कुणी समजू नये. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी! पुढे १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, नंतर ते पुण्याला आणलं. विधवांसाठी त्या अहोरात्र राबत होत्या. तरी त्यांनी आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे की बाप्तिस्म्यानंतरची कित्येक वर्षं त्यांना मनाची शांती नव्हती. ख्रिस्ती धर्म त्यांना सापडला होता, पण त्यांना हवा होता तो स्वतः ख्रिस्त.

ही शांती त्यांना १८९१ च्या सुमारास मिळाली, बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी. त्या काळात त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम यांचं आत्मचरित्र आलं होतं. हॅस्लम हे इंग्लंडमधले पाळक. पाळक होऊन बरीच वर्षं झाल्यावर, स्वतःच्याच चर्चमध्ये उपदेश करता करता त्यांचं स्वतःचं हृदय पालटलं. त्यांच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ "मरणातून जीवनात" असा आहे. योहान ५:२४ मधलीच गोष्ट!

यातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की बाप्तिस्मा, विद्वत्ता आणि सेवा, तिन्ही असूनही मन अस्वस्थ राहू शकतं, कारण खात्रीचा पाया या तिन्हींत नाही. तो ख्रिस्तात आहे. दुसरी ही की शांती मिळाल्यावर त्यांची सेवा थांबली नाही. केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतर उभं राहिलं. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत त्यांनी मूळ भाषांतून अख्खं बायबल भाषांतरित केलं. १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम पूर्ण झालं होतं. तारण मिळवण्यासाठी राबणं आणि तारण मिळालंय म्हणून राबणं, बाहेरून सारखंच दिसतं. आतून केवढा फरक!

मग कसंही वागलं तरी चालेल का?

हा प्रश्न येणारच, आणि यायलाच पाहिजे. योहान खात्री देतो, पण खोटी खात्री अजिबात देत नाही. त्याच पत्रात तो तीन गोष्टी पुन्हा पुन्हा तपासायला लावतो. येशू हाच ख्रिस्त आहे असा माझा विश्वास आहे का (५:१)? त्याच्या आज्ञा पाळायची ओढ माझ्यात आहे का (२:३)? देवाच्या लेकरांवर माझी प्रीती आहे का (३:१४)?

ही तीन झाडाची मुळं नाहीत, फळं आहेत. फळ आलं म्हणून झाड जिवंत होत नाही. झाड जिवंत आहे म्हणून फळ येतं. नव्या झाडाला फळ थोडं येईल, उशिरा येईल. पण वर्षानुवर्षं काहीच नाही, पापाचं दुःख नाही, प्रभूची ओढ नाही, फक्त "मी एकदा हात वर केला होता" एवढंच असेल, तर अशा मित्राला मी प्रेमाने सांगेन: खात्री शोधू नको, आधी प्रभूला शोध. मत्तय ७ मध्ये प्रभू सांगतो की त्याला प्रभू प्रभू म्हणणाऱ्यांपैकी सगळेच आत जाणार नाहीत. हा इशारा खरा आहे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हा इशारा वाचून सगळ्यात जास्त घाबरतो तो कोण? ज्याचं हृदय आधीच मऊ झालं आहे, तो. त्या तरुण भावाला आईवर ओरडल्यावर झोप लागली नाही. वर्षभरापूर्वी तो असाच ओरडत असेल आणि निवांत झोपतही असेल. मग आता हे दुःख कुठून आलं? मेलेल्या शरीराला काटा टोचत नाही. हे दुःख तारण गेल्याची खूण नाही, आत जीवन असल्याची आहे.

स्नान आणि पाय

आता त्याचा मूळ प्रश्न. तारणाची प्रार्थना परत करायची का?

योहान १३ मध्ये प्रभू शिष्यांचे पाय धुतो. पेत्र आधी नको म्हणतो, आणि मग एकदम दुसऱ्या टोकाला जातो: हात आणि डोकंही धू! प्रभू त्याला समजावतो की ज्याचं स्नान झालं आहे त्याला फक्त पाय धुवायला लागतात, बाकी तो स्वच्छच आहे.

आपल्याकडे हे घरोघरी माहीत आहे. बाहेरून आलं की पाय धुऊन आत यायचं, आजी दारातच सांगायची. पाय मळले म्हणून कुणी म्हणत नाही की तू आता या घरचा राहिला नाहीस. आणि घरचा आहे म्हणून चिखलाचे पाय घेऊन कुणी स्वयंपाकघरात शिरतही नाही.

तारण हे स्नान आहे, ते एकदा झालं. रोजची पापकबुली म्हणजे पाय धुणं. आपण पाप कबूल केलं तर देव क्षमा करणारा, शुद्ध करणारा आहे, आणि त्यात तो विश्वासू आहे असं १ योहान १:९ सांगतं. पुढच्याच अध्यायात योहान म्हणतो की विश्वासणाऱ्याच्या हातून पाप घडलं, तर पित्याजवळ आपला एक कैवारी आहे, येशू ख्रिस्त.

म्हणून मी त्याला म्हटलं, "भावा, ती प्रार्थना सहाव्यांदा करू नकोस. बापाला सांग की मी आईला दुखावलं, मला क्षमा कर. आणि मग उठून आईकडे जा. तिची माफी माग. तिने विचारलं ना, हेच शिकवतात का? तिला सांग, नाही, माफी मागायला शिकवतात."

पुढे याच पेत्राने त्याच रात्री प्रभूला तीनदा नाकारलं. पण लूक २२:३२ वाचा. पेत्र पडण्याच्या आधीच, त्याचा विश्वास ढळू नये म्हणून प्रभूने त्याच्यासाठी विनंती करून ठेवली होती. पेत्र टिकला तो स्वतःच्या शपथांवर नाही, प्रभूच्या प्रार्थनेवर. आणि तोच प्रभू आजही आपल्यासाठी मध्यस्थी करायला जिवंत आहे (इब्री ७:२५).

मनन करण्यासाठी

१. "माझं तारण झालं आहे" असं म्हणायला मी कचरत असेन, तर माझी नजर कशावर आहे? माझ्या वागण्यावर, माझ्या भावनांवर, की देवाच्या साक्षीवर?

२. पाप घडल्यावर मी पित्याकडे जातो की त्याच्यापासून लपतो?

३. आज मला कुणाची माफी मागायची आहे?

या आठवड्यात १ योहानाचं पत्र एका बैठकीत पूर्ण वाचा. पाचच अध्याय आहेत, अर्धा तासही लागणार नाही. जिथे जिथे "ठाऊक आहे", "कळते", "ओळखतो" असे शब्द येतील तिथे पेन्सिलने खूण करा. शेवटी त्या खुणा मोजा.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू मला मोलकरी म्हणून ठेवून घेतलं नाहीस, लेकरू म्हणून जवळ केलंस, यासाठी तुझे आभार मानतो. माझं मन मला दोषी ठरवतं तेव्हा तू माझ्या मनाहून मोठा आहेस हे मला आठवू दे. जे नव्याने तुझ्याकडे आले आहेत, घरात एकटे आहेत आणि रात्री घाबरतात, त्यांना तुझ्या पुत्राकडे बघायला शिकव. जे तुझं नाव घेऊनही तुझ्यापासून दूर आहेत, त्यांना जागं कर. आज माझे पाय मळले असतील ते धू, आणि मला ज्यांच्याकडे जायचं आहे त्यांच्याकडे जायला बळ दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.